जुन्या मोटारीस नवी ठिणगी



मोटारगाडी ही वस्तु कांहीं लोक केवळ जाण्यायेण्याचें साधन म्हणून बाळगतात. कांहीं लोक मात्र घरांतला वडिलोपार्जित तंबोरा जपावा तशा ममतेनें ती जपतात. या दुसऱ्या वर्गांतील लोकांपुढें आज एक प्रश्न वारंवार उभा राहतो, व त्याचाच विचार आपण या भाषणांत करणार आहोंत. प्रश्न असा कीं, पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या स्पोर्ट्स मोटारीच्या एंजिनांत ठिणगी पाडण्याची जी मूळची यांत्रिक योजना आहे, ती काढून तिच्या जागीं इलेक्ट्रॉनिक योजना बसवावी कीं नाहीं. आणि बसवावयाचीच झाल्यास बाजारांत मिळणाऱ्या अनेक प्रकारांपैकीं कोणता प्रकार पत्करावा?

बोलणें मोघम होऊं नये म्हणून आपण एकच मोटार डोळ्यांपुढें ठेवूं. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नांवाचें गांव आहे. तेथील कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत एम. जी. बी. ही स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ आजहि हौशी लोकांच्या हातीं सुस्थितींत आहेत. १७९८ घन सेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें, साधें व कणखर एंजिन. त्याला दोन एस. यू. कार्बुरेटर आणि लूकस कंपनीचा डिस्ट्रिब्यूटर, असा तिचा थाट. आपल्याकडील श्रोत्यांना हें एंजिन अगदींच परकें वाटण्याचें कारण नाहीं. बंगालमधील उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या ॲम्बॅसडर मोटारीचें १४८९ घन सेंटिमीटरचें जुनें पेट्रोल एंजिन याच कुळांतलें, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेंतलें होतें. कुर्ल्यास तयार होणारी पद्मिनी इटालियन घराण्यांतली. तरी ठिणगीची व्यवस्था तिचीहि तत्त्वतः हीच. तेव्हां मुंबईच्या एखाद्या गॅरेजमध्यें मिस्त्री ‘पॉइंट’ साफ करतांना ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना आजचा विषय अर्धा समजलेलाच आहे.

प्रथम ही जुनी योजना कशी चालते तें पाहूं. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण सिलिंडरांत दाबलें गेलें कीं तें पेटविण्यासाठीं स्पार्क प्लगच्या टोंकांमध्यें ठिणगी पडावी लागते. बारा व्होल्टांच्या बॅटरीला हें काम एकटीनें साधणारें नाहीं. त्याला हजारों व्होल्टांचा दाब लागतो. हा दाब उत्पन्न करण्याची युक्ति अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग या संशोधकानें १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठीं व्यवहारांत आणली, आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ जगांतील बहुतेक पेट्रोल मोटारी तिच्यावरच चालल्या. कॉइल नांवाच्या डब्यांत लोखंडी गाभ्याभोंवतीं तारेचीं दोन वेटोळीं असतात. एक जाड तारेचें व थोड्या फेऱ्यांचें, दुसरें केसासारख्या बारीक तारेचें व हजारों फेऱ्यांचें. बॅटरीचा प्रवाह जाड तारेंतून वाहूं लागला कीं गाभ्यांत चुंबकत्व सांठत जातें. योग्य क्षणीं तो प्रवाह एकदम तोडला कीं तें चुंबकत्व कोसळतें, आणि त्या कोसळण्यानें बारीक तारेंत वीस हजार व्होल्टांपर्यंत, क्वचित् त्याहूनहि अधिक, दाब उसळतो. वाहत्या नळाची तोटी एकाएकीं बंद केली असतां नळांत जो धक्का बसतो, तशांतलाच हा प्रकार.

प्रवाह जोडण्याचें व तोडण्याचें काम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांकडे असतें. मधल्या दांड्यावर चार कंगोऱ्यांचा एक कॅम फिरतो. त्याला टेंकून पॉइंटाची टांच असते. कंगोरा टांचेखालीं आला कीं पॉइंट उघडतात, सरकला कीं मिटतात. पूर्ण उघडल्यावर त्यांमधील अंतर लूकसच्या २५ डी ४ या डिस्ट्रिब्यूटरांत ०.०१४ ते ०.०१६ इंच असावें लागतें. शेजारींच एक कंडेन्सर असतो. पॉइंट उघडतांना त्यांच्यामध्यें विजेची ज्योत उठूं नये हें त्याचें काम. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असतां चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. म्हणजे तासाभराच्या प्रवासांत हे चिमुकले पॉइंट साडेतीन लाखांहून अधिक वेळां उघडतात व मिटतात. ते झिजतात याचें नवल वाटूं नये. इतके दिवस टिकतात याचेंच नवल वाटावें.

आतां झीज होते म्हणजे नेमकें काय होतें? तबलजी कितीहि तयारीचा असला तरी समेवर आला नाहीं तर मैफल बिघडते. एंजिनाचेंहि तसेंच आहे. ठिणगी पडते कीं नाहीं याइतकेंच ती केव्हां पडते हें महत्त्वाचें. मिश्रण पेटून त्याचा पूर्ण दाब दट्ट्यावर येण्यास कांहीं सहस्रांश सेकंद लागतात, म्हणून दट्ट्या वरच्या टोंकास पोंचण्यापूर्वींच ठिणगी पडावी लागते. ३,००० फेऱ्यांच्या गतीला एका सहस्रांश सेकंदांत एंजिनाचा दांडा १८ अंश फिरतो. म्हणून गति वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधीं पाडावी लागते. पॉइंटाची टांच झिजली कीं पॉइंट उशीरा उघडूं लागतात, आणि ठिणगी हळूहळू मागें पडत जाते. मोटार बंद पडत नाहीं. ती आळसावते, तापते, पेट्रोल अधिक पिते. मालकाला वाटतें, गाडी म्हातारी झाली. वास्तविक कागदासारखी पातळ झीज झालेली असते.

इलेक्ट्रॉनिक योजनेचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल: प्रवाह तोडण्याचें काम घांसणाऱ्या धातूकडून काढून तें ट्रान्झिस्टरकडे सोंपवावयाचें. घांसण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे झिजण्यासारखेंहि उरलें नाहीं. ही कल्पना नवी नव्हे. १९७१ च्या बारा सिलिंडरी जॅग्वार ई-टाइपमध्यें लूकसची अशी योजना कारखान्यांतूनच बसविलेली होती. क्रायस्लर कंपनीनें १९७३ पासून अमेरिकेंतील आपल्या मोटारींत ती सरसकट घातली. आणि अमेरिकेस जाणाऱ्या एम. जी. बी. मोटारींनाहि १९७५ पासून इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर मिळाला. तो पहिला अवतार मात्र फारसा यशस्वी झाला नाहीं. त्यांतील प्रवर्धक डिस्ट्रिब्यूटरच्या पोटांतच, म्हणजे एंजिनाच्या उष्णतेंत ठेवला होता, व ती उष्णता त्याला मानवत नसे. यांतून निघणारा धडा आजहि खरा आहे: इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा शत्रु घर्षण नव्हे, उष्णता आहे.

येथें एका गैरसमजाची वाट बंद केली पाहिजे. पुष्कळ लोक अशी आशा धरतात कीं इलेक्ट्रॉनिक ठिणगीनें मोटारीची शक्ति वाढेल. यासाठीं मोटेचा दृष्टांत घेऊं. मोट विहिरींत बुडून भरण्यास ठराविक वेळ लागतो. बैल फार घाईनें हांकले तर ती अर्धीच वर येते. कॉइलमध्यें चुंबकत्व भरण्यासहि असाच वेळ लागतो. २५ डी ४ मध्यें दर ९० अंशांपैकीं सुमारें ६० अंश पॉइंट मिटलेले असतात. म्हणजे ३,००० फेऱ्यांना भरण्यास पावणेसात सहस्रांश सेकंद मिळतात आणि ६,००० फेऱ्यांना सुमारें सव्वातीन. शेवटच्या गतीला मोट कांठोकांठ भरत नाहीं हें खरें; पण चार सिलिंडरांच्या, रस्त्यावर चालणाऱ्या, मूळच्याच स्थितींतील एंजिनाला तेवढें पाणी पुरतें. जें मिश्रण एका ठिणगीनें नीट पेटलें, तें अधिक बलवान ठिणगीनें अधिक पेटत नाहीं. आठ सिलिंडरांच्या किंवा शर्यतीसाठीं तयार केलेल्या एंजिनाची गोष्ट निराळी. आपल्यापैकीं बहुतेकांना नव्या योजनेपासून मिळावयाचें तें बळ नव्हे, सातत्य: सकाळच्या थंडींत सहज सुरू होणें, संथ गतीला न अडखळणें, आणि आज जुळविलेलें टायमिंग सहा महिन्यांनींहि तेंच राहणें. हा लाभ थोडा नाहीं. पण बळाच्या आशेनें पैसे खर्च करणाराची निराशा ठरलेली आहे.

आतां खरेदीपूर्वीं करावयाच्या परीक्षेकडे वळूं, कारण अर्धे पैसे वांचतात ते येथेंच. मोटार नीट चालत नाहीं एवढ्यावरून पॉइंटांना दोषी ठरवूं नये. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढावें, मधला दांडा दोन बोटांत धरून बाजूला हलवून पाहावा. तो खडखडत असेल तर त्याचीं बुशें झिजलीं आहेत, आणि कंगोरा दर फेऱ्याला थोडा इकडे, थोडा तिकडे जात आहे. नंतर व्हॅक्यूमच्या नळींतून तोंडानें हवा ओढावी. आंतली पट्टी सरकून तशीच राहिली पाहिजे. ती हललीच नाहीं किंवा लगेच मागें आली, तर पडदा फाटला आहे. झांकणांत केसाएवढी तडा, रोटरच्या टोंकाला जळाल्याची खूण, पट्टीला जोडणारी विरलेली तार, प्लगच्या तारांचे सैल टोंक, हें सर्व उजेडांत पाहावें. शेवटीं टायमिंग दिवा लावून एंजिन हळूहळू वाढवावें. खूण एका जागीं स्थिर राहून मग सावकाश पुढें सरकली तर ठीक. ती नाचूं लागली, अडखळली, किंवा सरकलीच नाहीं, तर दोष पॉइंटांखालच्या वजनांत व स्प्रिंगांत आहे.

हीं वजनें व स्प्रिंगा यांचें महत्त्व विशेष. गतीबरोबर ठिणगी आधीं पाडण्याचें काम त्यांचें, आणि बाजारांतला स्वस्तांतला इलेक्ट्रॉनिक संच त्यांना हातहि लावीत नाहीं. तो फक्त पॉइंटांची जागा घेतो. ज्या डिस्ट्रिब्यूटरचीं वजनें गंजून अडकलीं आहेत, त्यांत उत्तमांतला उत्तम संच बसविला तरी ठिणगी चुकीच्या वेळींच पडणार. फरक एवढाच कीं आतां ती अचूक नेमानें चुकीच्या वेळीं पडेल. शिवाय डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर एक क्रमांक कोरलेला असतो, तोहि वाचावा. निरनिराळ्या सालांच्या व निरनिराळ्या देशांस जाणाऱ्या गाड्यांना निरनिराळ्या स्प्रिंगांचे डिस्ट्रिब्यूटर होते, आणि अर्धशतकांत अनेक हात फिरलेल्या मोटारींत भलत्याच गाडीचा डिस्ट्रिब्यूटर असणें मुळींच दुर्मिळ नाहीं.

ही परीक्षा झाल्यावर निवडीचा प्रश्न येतो. बाजारांतील योजनांचे ढोबळ मानानें चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गांत पॉइंट काढीत नाहींत. त्यांच्याकडे केवळ इशारा देण्याचें हलकें काम ठेवतात व कॉइलचा जड प्रवाह ट्रान्झिस्टर तोडतो. पॉइंट जळत नाहींत, पण टांच घांसते ती घांसतेच. याचा मोठा गुण म्हणजे ट्रान्झिस्टरनें दगा दिल्यास दोन तारा बदलून जुनी पद्धति तत्काळ चालू करतां येते. ज्यांना वर्षांतून एकदां अंतर तपासण्याचा कंटाळा नाहीं, त्यांनीं हा मार्ग अगदींच जुनाट म्हणून टाकूं नये.

दुसरा वर्ग आज सर्वांत अधिक खपतो. पॉइंट व कंडेन्सर काढून त्याच स्क्रूंवर एक छोटा ठोकळा बसवितात आणि रोटरखालीं चुंबकांचें एक कडें सरकवितात. चुंबक समोरून गेला कीं ठोकळ्यांतील तुकडा तें ओळखतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं शोधून काढलेल्या परिणामावर हें आधारलेलें आहे. अमेरिकन पर्ट्रॉनिक्सचे संच या जातीचे आहेत. त्यांचा गुण असा कीं झांकण लावल्यावर बाहेरून कांहीं ओळखूं येत नाहीं, बसविण्यास एक दुपार पुरते, आणि मूळचे भाग पेटींत ठेवले तर मोटार केव्हांहि पूर्वस्थितीस आणतां येते. दोष असा कीं सगळी विद्या एंजिनाच्या उष्णतेंतच राहते.

तिसऱ्या वर्गांत प्रकाशाची युक्ति आहे. ब्रिटनमधील ल्युमेनिशनचा ऑप्ट्रॉनिक संच या पद्धतीचा. डिस्ट्रिब्यूटरमध्यें अदृश्य अवरक्त किरणांचा एक झोत सतत चालू असतो. दांड्यावरची पाकळ्यांची चकती तो झोत तोडते व जोडते. जड प्रवाह तोडणारा भाग वेगळ्या डब्यांत असून तो बॉनेटखालीं थंड जागीं बसवितां येतो, हा या पद्धतीचा खरा फायदा. त्याच्या बदल्यांत तो डबा व त्याच्या तारा उघड्यावर दिसतात.

चौथा वर्ग म्हणजे संपूर्ण नवा डिस्ट्रिब्यूटर. हॉलंडमध्यें तयार होणारा ‘१२३’ हा याचा प्रसिद्ध नमुना. त्यांत वजनें नाहींत, स्प्रिंगा नाहींत. एंजिनाची गति मोजून ठिणगी किती आधीं पाडावयाची तें आंतला लहानसा गणकच ठरवितो. कांहीं नमुन्यांत एका चकतीनें सोळा ठरीव क्रमांपैकीं एक निवडावयाचा असतो; कांहींत हा क्रम आपण स्वतः संगणकावरून किंवा खिशांतील फोनवरून लिहितां येतो. ज्याचा मूळ डिस्ट्रिब्यूटर दुरुस्तीपलीकडे झिजला आहे, किंवा ज्यानें एंजिनाचा कॅम वा हेड बदलला आहे, त्याच्यासाठीं हा उत्तम. आणखी एक कारण विचारांत घेण्याजोगें आहे. मूळचे क्रम त्या काळच्या पेट्रोलला धरून ठरविलेले होते. ब्रिटनमध्यें शिसें घातलेल्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ च्या अखेरीस थांबली, आणि सप्टेंबर २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलमध्यें दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. आजच्या इंधनाला साजेसा क्रम निवडतां येणें ही सोय खरीच आहे. मात्र किंमतीनें हा वर्ग दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट भारी पडतो.

यापलीकडे डिस्ट्रिब्यूटर समूळ काढून दांड्याच्या पुलीवर दांतेरी चक्र बसविण्याची पद्धतिहि आहे. शर्यतवाल्यांना ती प्रिय आहे. पण तींत मोटारीचें जुनेपण इतकें बदलतें कीं आजच्या आपल्या विषयांत मी ती धरीत नाहीं.

वर्ग ठरला तरी काम संपलें नाहीं; वधूवरांच्या पत्रिका जुळवाव्यात तशा कांहीं गोष्टी जुळवून पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट बॅटरीच्या टोंकाची. १९६७ पर्यंतच्या एम. जी. बी. मोटारींत बॅटरीचें धन टोंक गाडीच्या अंगाला जोडलेलें असे; पुढच्या गाड्यांत ऋण टोंक. पॉइंटांना याचा विधिनिषेध नव्हता. ट्रान्झिस्टरला आहे, उलट जोडणी झाली तर तो क्षणांत जळतो. मधल्या काळांत कोणी मालकानें टोंक बदललें असण्याचाहि संभव असतो. म्हणून पुस्तकावर विश्वास न ठेवतां आसनामागचें झांकण उघडून स्वतः पाहावें, आणि तसाच संच मागवावा.

दुसरी गोष्ट कॉइलची, आणि बहुतेक संच येथेंच बळी पडतात. जुन्या गाड्यांची कॉइल सुमारें तीन ओहमची. एंजिन चालतांना वीजदाब चौदा व्होल्टांच्या आसपास असतो. चौदाला तीननें भागलें तर पावणेपांच अँपिअरपेक्षां अधिक प्रवाह वाहणार नाहीं. पुढच्या काळांतील गाड्यांत दीड ओहमची कॉइल असून तिच्याआधीं एक रोधक तार गाडीच्या तारांच्या जुडग्यांत लपविलेली असे. अशी दीड ओहमची कॉइल कोणी रोधक तारेवांचून जोडली, तर प्रवाह सव्वानऊ अँपिअरपर्यंत चढेल, आणि तीन ओहमसाठीं केलेला संच भाजून निघेल. उलट, संचाची स्वतःची वीज रोधक तारेनंतर घेतली तर त्याला पुरेसा दाब मिळत नाहीं व तो लहरीपणानें वागूं लागतो. यास्तव ओहममापक हातांत घेऊन कॉइल मोजावी व संचाच्या कागदावर लिहिलेल्या किमान ओहमशीं ती ताडून पाहावी. पांच मिनिटांचें काम आहे. तें न केल्यामुळें होणारें नुकसान पांच मिनिटांचें नसतें.

तिसरी गोष्ट फेरेमापकाची. जुन्या स्मिथ्स घड्याळांत कॉइलकडे जाणारी तारच वळसा घालून नेलेली असे, व तिच्यांतील प्रवाहाचे ठोके मोजून कांटा हले. ठोक्यांचें रूप बदललें कीं कांटा उड्या मारूं लागतो किंवा निजून राहतो. नंतरचीं घड्याळें निराळ्या तत्त्वावर चालतात; त्यांना हा त्रास सहसा होत नाहीं. चौथी गोष्ट प्लगच्या तारांची: केवळ तांब्याच्या, रोध नसलेल्या तारा ठेवल्या तर त्यांच्यांतून उठणारा गोंगाट नव्या गणकाच्या कानांत शिरतो. रोध असलेल्या तारा व तसेच प्लग वापरावेत. आणि सर्व बसवून झाल्यावर टायमिंग दिव्यानें पुन्हां जुळणी करावी. पॉइंट ज्या क्षणीं उघडत, नेमक्या त्याच क्षणीं नवा संच इशारा देईल असें नाहीं. कित्येक अंशांचा फरक पडूं शकतो. एंजिन चालू नसतां किल्ली फिरवून ठेवण्याची संवयहि सोडावी. कांहीं संच व कॉइल अशानें तापून जळतात.

आतां या विषयांतली खरी मेख. पॉइंट म्हातारपणीं कुरकुर करतात. आज थोडें अडखळणें, उद्यां थोडा धूर, परवां सुरू होण्यास उशीर. ते सूचना देऊन जातात, आणि गेलेच तर पॉलिश पेपरचा तुकडा व स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या साहित्यावर रस्त्याच्या कडेला पुन्हां उभे राहतात. इलेक्ट्रॉनिक संच वर्षानुवर्षें निमूटपणें काम करतो आणि जातो तेव्हां एका क्षणांत, न बोलतां जातो. त्याला घांसून, ठोकून, आर्जवें करून कांहीं होत नाहीं. पावसाळी रात्र, वेगानें जाणाऱ्या लॉऱ्यांचा महामार्ग, आणि बाजूस घेण्यास जागा नाहीं, अशा ठिकाणीं मोटार निपचित पडणें ही केवळ गैरसोय नव्हे. तो जिवाशीं खेळ आहे. म्हणून ज्यानें इलेक्ट्रॉनिक योजना पत्करली, त्यानें जुन्या योजनेस घराबाहेर काढूं नये. पॉइंट व कंडेन्सर पट्टीवर आधींच जुळवून, कोरड्या डब्यांत घालून, डिकींत ठेवावे. त्याहून चांगलें म्हणजे एक संपूर्ण जुना डिस्ट्रिब्यूटर एंजिनावर बसवून, टायमिंग जुळवून, खुणा करून बाजूस ठेवावा. मग रस्त्यावरची दुरुस्ती अर्ध्या तासाची होते. मात्र जुन्या डिस्ट्रिब्यूटरला कोणती कॉइल चालते याचीहि चौकशी आधींच करून ठेवावी. दीड ओहमच्या कॉइलवर साधे पॉइंट फार काळ जगत नाहींत.

याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत आणखी एक वजन आहे. आज मिळणारे पॉइंट, कंडेन्सर व रोटर सगळेच पूर्वींच्या तोलाचे नसतात. नवा कंडेन्सर थोडक्या मैलांत निकामी झाल्याची, किंवा रोटरच्या पोटांतून वीज दांड्यांत फुटल्याची तक्रार हौशी मंडळींत नेहमीं ऐकूं येते. ‘जुनें तें भरंवशाचें’ हें वचन जुन्या मालाला लागू आहे. जुन्याच्या नांवानें खपणाऱ्या हलक्या मालाला नाहीं. तेव्हां पॉइंट ठेवावयाचे असतील तर चांगल्या विक्रेत्याकडून दोन जास्त जोड घेऊन ठेवावेत, आणि कॅमवर वंगणाचा पुसट हात द्यावा. हलका पॉइंट व हलका इलेक्ट्रॉनिक संच यांत निवड करण्यासारखें कांहींच नसतें.

एकंदरींत माझें मत असें. ज्याची मोटार प्रदर्शनांत परीक्षकांपुढें उभी राहते, किंवा जो ऐतिहासिक शर्यतींत भाग घेतो, त्यानें आधीं तेथील नियम वाचावेत. पुष्कळ ठिकाणीं त्या काळचीच योजना लागते, व त्याला पॉइंटच योग्य. ज्याचा डिस्ट्रिब्यूटर निकोप आहे आणि जो रविवारीं सकाळीं पन्नास मैल फिरून येतो, त्यानें झांकणाखालीं लपणारा चुंबकी संच घ्यावा, तीन ओहमची साधी कॉइल ठेवावी, आणि निश्चिंत असावें. ज्याचा डिस्ट्रिब्यूटर खिळखिळा झाला आहे, त्यानें त्यांत संच घालून पैसे वायां घालवूं नयेत. एकतर तो जाणत्याकडून नव्या बुशांनीं व योग्य स्प्रिंगांनीं दुरुस्त करून घ्यावा, नाहींतर संपूर्ण नवा घ्यावा. लांब प्रवासाला, परमुलखांत, रोज उठून मोटार नेणारास शेवटचा मार्ग सोयीचा. आणि जो कांहीं बदल केला तो विमा कंपनीस कळवावा, वहींत लिहून ठेवावा, काढलेला प्रत्येक भाग नांवाची चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

हा शेवटचा उपदेश बारीक वाटेल, पण त्यांत या छंदाचें सार आहे. कोणी म्हणतात, ठिणगी बदलली कीं मोटार मूळची राहिली नाहीं. कोणी म्हणतात, रस्त्यावर चालत नसलेली मोटार मूळची असून उपयोग काय? दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. ॲबिंग्डनच्या कारागिरांनीं ती मोटार धांवण्यासाठीं घडविली. ती घरांत कापड पांघरून बसावी असा त्यांचा हेतु नव्हता. पण आपण तिचे शेवटचे मालक नव्हों हेंहि तितकेंच खरें. आपल्यामागून जो येईल त्याला आपली निवड पटेलच असें नाहीं. ज्या बदलानें मागें फिरण्याची वाट मोकळी राहते, तो बदल निःशंकपणें करावा. ज्यासाठीं कांहीं कापावें, तोडावें किंवा कायमचें टाकून द्यावें लागतें, त्यापूर्वीं दहादां विचार करावा. ठिणगीच्या बाबतींत सुदैवानें पहिल्या जातीचे बदल भरपूर आहेत. टायमिंग दिवा, ओहममापक व थोडा धीर एवढ्या साहित्यानिशीं त्यांतून आपल्याजोगा बदल निवडतां येतो.